स्वीडनची घरची चव, घराबाहेर



आमच्या तालुक्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शाळेवर एक गुरुजी आहेत. घर माळकरी. त्यांचा थोरला मुलगा इंजिनियर झाला आणि स्वीडन देशात गोथेनबर्ग शहरी नोकरीला गेला. मध्यंतरी गुरुजी मला एस. टी. स्टँडवर भेटले. मी मुलाची खुशाली विचारली, तर म्हणाले, "तसं सगळं बरं आहे, सर. पगार चांगला, खोली चांगली. पण चार महिने झाले, अन् पोरगं म्हणतंय, इथलं जेवण म्हणून काय असतं ते मी अजून पाहिलंच नाही. रस्त्यानं जावं तर इटलीचा पिझ्झा, तुर्कांचा कबाब, थायलंडचा भात, आपल्याकडची नान-भाजीसुद्धा आहे. मग त्या लोकांचं स्वतःचं जेवण गेलं कुठं?"

प्रश्न ऐकून मला हसू आले आणि थोडे वाईटही वाटले. परमुलखात पोटाची सोय कशीही लागते. पण ज्या लोकांत राहायचे, त्यांच्या ताटाला ताट लावून बसल्याखेरीज माणसाचे परकेपण जात नाही. म्हणून गुरुजींना मी स्टँडवर उभ्या-उभ्या जे तुटक सांगितले, तेच आज जरा नीट सांगतो. स्वीडिश माणसाचे जुने, परंपरेचे जेवण घराबाहेर कुठे, कधी आणि कसे मिळते, हा आजचा विषय.

ते जेवण कुठे मिळते हे कळायला आधी ते कसे झाले हे पाहिले पाहिजे. स्वीडन हा युरोपच्या उत्तरेचा देश. आकाराने महाराष्ट्राच्या जवळजवळ दीडपट, पण वस्ती सारी मिळून एक कोटीच्या थोडी वर. उन्हाळा आखूड आणि हिवाळा लांबलचक. आपल्या शेतकऱ्याला घोर असतो पावसाचा. तिथल्या शेतकऱ्याला घोर असे बर्फाच्या महिन्यांचा. थोड्या महिन्यांत जे पिकेल, जे समुद्रातून निघेल, रानात जे वेचता येईल, ते वर्षभर पुरवायचे. त्यामुळे खारवणे, वाळवणे, धुरी देणे आणि आंबवणे या चार युक्त्यांवर ते सगळे जेवण उभे राहिले.

उदाहरणे घ्या. हेरिंग नावाचा एक मासा आहे. तिकडे त्याला 'सिल' म्हणतात. तो मिठात खारवून ठेवायचा आणि मग त्याचे लोणचे घालायचे: एक वाटी तीव्र सिरका, दोन वाट्या साखर, तीन वाट्या पाणी. 'एक-दोन-तीन' हे प्रमाण तिथल्या घरोघरी तोंडपाठ असते. राय नावाच्या धान्याची कडक पोळी करतात, तिचे नाव 'क्नेकेब्रोद'. पूर्वी ही वर्षातून मोजक्या वेळा भाजून ठेवीत. मध्ये भोक पाडायचे, दांडीवर ओवायची आणि दांडी आढ्याला टांगायची. उंदराची भीती नाही, ओलाव्याची नाही. रानात 'लिंगोन' नावाची लाल आंबट बोरे मिळतात. त्यांत बेंझॉइक आम्ल निसर्गतःच असल्यामुळे ती न शिजवतासुद्धा टिकतात. आणि बटाटा! तो तिथला मूळचा नव्हे. अठराव्या शतकात एवा एकेब्लाद नावाच्या बाईने बटाट्यापासून पीठ आणि मद्य करता येते हे दाखवून दिले, आणि १७४८ साली स्वीडनच्या राजेशाही विज्ञान अकादमीने तिला सभासद करून घेतले. त्या अकादमीतली ती पहिली स्त्री. आज बटाट्यावाचून स्वीडिश ताट पुरे होत नाही.

या साध्या जेवणाला तिकडे एक सुंदर शब्द आहे: 'हुसमान्सकोस्त'. हुसमान म्हणजे साधा घरधनी, आणि कोस्त म्हणजे आहार. घरधन्याचा आहार. आता आपल्याकडची म्हण आठवा: पिकते तिथे विकत नाही. आपल्याकडेही पिठले-भाकरी ही हॉटेलात पैसे देऊन खायची वस्तू आहे, असे एके काळी कुणाला वाटत नव्हते. तिथेही तेच झाले. माणूस घराबाहेर जेवायला निघाला की त्याला घरी न मिळणारे हवे असते. म्हणून संध्याकाळी शहराच्या मोठ्या रस्त्याला स्वीडिश जेवण शोधत फिरणाऱ्याला ते सहसा दिसत नाही. ते नाहीसे झालेले नाही. शोधणाऱ्याची वेळ चुकते आणि रस्ताही चुकतो.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की रात्री शोधू नका, दुपारी शोधा. कामाच्या दिवशी साधारण अकरापासून दीड-दोनपर्यंत तिथल्या खानावळी, कचेऱ्यांची उपाहारगृहे, अगदी रस्त्याच्या कडेची लहान जेवणघरेसुद्धा 'डागेन्स लुन्श' म्हणजे 'आजचे जेवण' देतात. दाराशी फळ्यावर खडूने लिहिलेले असते. एक गरम पदार्थ, आणि बहुतेक ठिकाणी त्याच पैशांत कोशिंबीर, पाव-लोणी, पाणी आणि शेवटी कॉफी. कोशिंबीर आणि कॉफी आपणच उठून घ्यायची. रात्रीच्या मानाने हे जेवण पुष्कळच स्वस्त पडते. कारकून, सुतार, बस चालवणारा आणि प्राध्यापक एकाच रांगेत ताट धरून उभे असतात.

फळ्यावर काय वाचायचे? 'शेतबुल्लार' म्हणजे खिम्याचे लहान गोळे; सोबत घोटलेला बटाटा, तपकिरी रस्सा, लिंगोनचा मुरंबा आणि काकडीचे लोणचे. 'स्ट्रोमिंग' म्हणजे बाल्टिक समुद्रातला लहान हेरिंग, पिठात घोळवून लोण्यात तळलेला. 'पित इ पान्ना' म्हणजे आदल्या दिवशीचे उरलेले बटाटे, मांस आणि कांदा बारीक चिरून परतलेले, वर अंडे आणि शेजारी बीट. आपला फोडणीचा भात आठवावा असा पदार्थ. 'कोलदोल्मार' म्हणजे कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा. या शेवटच्याची गंमत ऐका. स्वीडनचा राजा बारावा कार्ल १७०९ साली रशियाशी लढाईत हरला आणि काही वर्षे तुर्की सुलतानाच्या मुलखात राहिला. तिकडचा हा द्राक्षाच्या पानातला पदार्थ त्याच्या माणसांबरोबर स्वीडनात आला आणि द्राक्षाचे पान मिळेना म्हणून कोबीच्या पानात गेला, असे मानतात. म्हणजे गुरुजींच्या मुलाला जो तुर्की कबाब परका वाटला, त्याचा एक चुलतभाऊ तीनशे वर्षांपूर्वीच तिथे घरजावई झालेला आहे!

आणि वार? गुरुवार. गुरुवारी स्वीडनात पिवळ्या वाटाण्याचे दाट सूप आणि त्यामागून मुरंबा घातलेली पातळ धिरडी, हा बेत पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. सोळाव्या शतकापूर्वी देश कॅथलिक होता, शुक्रवारी उपास असे. म्हणून आदल्या दिवशी पोटभर खाऊन घ्यायचे, अशी याची उपपत्ती सांगतात. उपास गेला, धर्माचा पंथ बदलला, पण गुरुवारचे सूप राहिले. सैन्यात, इस्पितळांत, खानावळीत अजून त्या दिवशी ते रांधतात. सुपाबरोबर मोहरीची चटणी ठेवतात. ती थोडी ताटाच्या कडेला घ्यायची आणि चमच्यागणिक लावायची. या सुपाला इतिहासही आहे. चौदावा एरिक हा राजा १५७७ साली तुरुंगात मेला, त्याला वाटाण्याच्या सुपातून विष घातले, अशी आख्यायिका आहे. लोकांनी सूप काही सोडले नाही.

दुसरे ठिकाण म्हणजे छपराखालचे बाजार. तिकडे त्यांना 'सालुहाल' म्हणतात. स्टॉकहोमला ओस्टरमाल्म भागात १८८८ साली बांधलेला लाल विटांचा मोठा बाजार आहे. दुरुस्तीनंतर तो २०२० साली पुन्हा उघडला. गोथेनबर्गला १८८९ सालचा एक असाच बाजार आहे, आणि शिवाय १८७४ साली बांधलेली मासळीची मंडई. ती लांबून थेट चर्चसारखी दिसते, म्हणून लोक तिला 'फेस्केशोर्का', म्हणजे मासळीचे चर्च म्हणतात. काही वर्षे बंद राहून तीही २०२४ साली उघडली. या बाजारांत ज्या दुकानी मासळी, मांस, चीज विकतात, त्यांच्याच शेजारी चार बाके टाकून जेवण देतात. माल डोळ्यांसमोर असतो. मीठ-साखरेत मुरवलेला सामन मासा शेपूच्या रश्शाबरोबर, रायच्या पावावर कोळंबी, नाना परींची हेरिंगची लोणची असे सगळे एका फेरीत पाहता येते. भाव मात्र कमी नसतो. नुसते पाहायला पैसे पडत नाहीत, एवढे ध्यानात ठेवावे.

तिसरे ठिकाण, जुन्या धर्मशाळा म्हणा ना! सतराव्या शतकात स्वीडनच्या राजसत्तेने हमरस्त्यांवर ठराविक अंतराने प्रवाशांच्या मुक्कामाची, जेवणाची आणि ताज्या दमाच्या घोड्यांची सोय असावी असा कायदा केला. त्यातून खेडोपाडी जी पांथस्थगृहे उभी राहिली, त्यांपैकी काही आजही चालू आहेत. पाटीवर 'वेर्दशूस' किंवा तशाच अर्थाचा जुन्या वळणाचा शब्द दिसला, तर आत डोकवावे. त्या-त्या प्रांताचे खाणे इथे मिळते. दक्षिणेच्या स्कोने प्रांतात हंसाचे मांस आणि जाड, अंड्याचे थालीपीठ म्हणावे असे 'एगाकाका'. उत्तरेकडे रेनडियरचे मांस आणि पातळ मऊ पोळी.

शहरात जुने घर पाहायचे असेल तर स्टॉकहोमच्या जुन्या पेठेत 'डेन युल्देने फ्रेदेन', म्हणजे 'सोनेरी तह', नावाची जागा आहे. रशियाशी १७२१ साली तह झाला, त्याच्या पुढच्या वर्षी ती उघडली. पुढे आन्देर्श सोर्न या प्रसिद्ध चित्रकाराने ती मोडकळीला आलेली जागा विकत घेतली आणि मरताना स्वीडिश अकादमीला दिली. ही तीच अकादमी, जिने १९१३ साली रवींद्रनाथ ठाकूर यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक दिले. अकादमीचे सभासद गुरुवारच्या बैठकीनंतर तिथेच जेवतात. पुन्हा गुरुवारच!

आता त्या जगप्रसिद्ध पंगतीविषयी. 'स्मोरगोसबूर्द' हा शब्द १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनानंतर अमेरिकेत घरोघरी गेला. मुळात ते जेवणाआधी मद्याबरोबर चाखायच्या पदार्थांचे लहानसे मेज होते. पुढे वाढत-वाढत तेच जेवण झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अन्नधान्याचे नियंत्रण आले तेव्हा ही प्रथा मागे पडली. तूरे व्रेतमान या नामवंत बल्लवाने, त्याच्या हाती आलेले स्टॉकहोमचे 'ओपेराशेलारेन' १९६१ साली नव्याने उघडले, तेव्हा तिला पुन्हा मान मिळवून दिला. साध्या घरगुती पदार्थांना मोठ्या हॉटेलात जागा देणारा माणूस म्हणून त्याचे नाव स्वीडनात अजून घेतात.

या मेजावर बसायची रीत असते, ती न कळल्यामुळे परका माणूस फसतो. तो पहिल्याच फेरीत सगळे एका ताटात भरतो. तसे करू नये. पहिली फेरी हेरिंगची, उकडलेल्या बटाट्याबरोबर. दुसरी इतर थंड मासळीची. तिसरी थंड मांसाची आणि कोशिंबिरींची. चौथी गरम पदार्थांची. शेवटी चीज आणि गोड. दर फेरीला नवी ताटली घ्यायची. थोडे-थोडे घ्यावे आणि सावकाश बसावे. हीच पंगत नाताळच्या आधी, नोव्हेंबरअखेरपासून, 'यूलबूर्द' या नावाने देशभर मांडली जाते. जागा आधीच सांगून ठेवावी लागते. ज्याला एका बैठकीत सारे स्वीडिश जेवण ओळखून घ्यायचे आहे, त्याने एक यूलबूर्द चुकवू नये.

यावरून ध्यानात येईल की चौथी गोष्ट आहे पंचांगाची. आपल्याकडे जसे संक्रांतीला तीळगूळ, तसे तिथे लेंटच्या उपासाआधीच्या मंगळवारी 'सेम्ला'. हा वेलदोड्याचा मऊ पाव, पोटात बदामाचे सारण आणि वर साय. आदोल्फ फ्रेदरिक नावाचा राजा १७७१ साली भरपेट जेवणावर हाच पदार्थ खाऊन मेला, असे सांगतात. जूनमध्ये मध्यग्रीष्माचा सण असतो. नवे बटाटे, हेरिंग, शेपू आणि स्ट्रॉबेरी. पण तो घरचा सण आहे. त्या संध्याकाळी शहरातल्या पुष्कळ खानावळी बंद असतात, हे आधी माहीत असावे. ऑगस्टमध्ये गोड्या पाण्यातले झिंगे, शेपूच्या फुलोऱ्याबरोबर उकडून थंड केलेले. नोव्हेंबरच्या दहा तारखेला स्कोने प्रांतात हंस. ऑगस्टमध्येच उत्तरेकडे आंबवलेल्या हेरिंगचे डबे फोडतात. त्याचा वास इतका उग्र, की तो उघड्यावरच खातात.

आणि पाचवे ठिकाण सर्वांत सोपे. तिकडे मिठाई-कॉफीच्या दुकानाला 'कोंदितोरी' म्हणतात, आणि काम थांबवून चार माणसांनी मिळून कॉफी घेण्याला 'फीका'. नाव फीका, पण प्रकार चांगला गोड असतो! दालचिनीचा पाव, वेलदोड्याचा पाव, सात तऱ्हांची बिस्किटे. आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाच्या रानात मूळ धरलेला वेलदोडा या उत्तरेच्या देशाने इतका आपला केला आहे, की बेकरीवरून जाताना आपल्या श्रीखंडाची आठवण व्हावी. स्टॉकहोमचे 'वेते-कात्तेन' हे १९२८ सालचे दुकान यासाठी नावाजलेले. गोथेनबर्गला हागा नावाच्या जुन्या पेठेत ताटाएवढे दालचिनीचे पाव मिळतात. कचेरीत कुणी 'फीका?' असे विचारले, तर काम आहे म्हणून नाही म्हणू नये. ते बोलावणे कॉफीचे असते, तसेच ओळखीचेही असते.

आता न खाणाऱ्यांसाठी दोन शब्द. शेतबुल्लारच्या गोळ्यांत बहुधा गाईचे आणि डुकराचे मांस एकत्र असते, आणि वाटाण्याच्या सुपातही डुकराचे मांस घालतात. म्हणून आधी विचारावे; विचारण्यात तिथे कुणाला वावगे वाटत नाही. दुपारच्या फळ्यावर आता बहुतेक ठिकाणी एक निरामिष पदार्थ असतोच. शिवाय धिरडी, उकडलेले बटाटे, कडक पोळी आणि चीज, वेलदोड्याचे पाव हे सारे मूळचे परंपरेतलेच आहे. अंडे वर्ज्य असणाऱ्याने मात्र धिरड्यांचीही चौकशी करावी.

ज्यांना एवढ्या लांब जायचे नाही, त्यांना थोडी ओळख जवळही होऊ शकते. 'आयकिया' या स्वीडिश फर्निचरच्या कंपनीचे भांडार २०१८ साली हैदराबादला आणि २०२० च्या डिसेंबरात नवी मुंबईत तुर्भ्याला उघडले. त्यांच्या भांडारात जेवणघर असते, आणि भारतात ते गोळे कोंबडीचे आणि भाज्यांचे करतात. ही ओळख झाली, पंगत नव्हे.

शिक्षक बंधुभगिनींना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. स्वीडनात हे घरधन्याचे जेवण टिकले, त्याला शाळेचाही मोठा हातभार आहे. १९४६ पासून सरकारने शाळेच्या जेवणाला पैसे द्यायला सुरुवात केली आणि १९९७ पासून सक्तीच्या शिक्षणातल्या प्रत्येक मुलाला दुपारचे जेवण मोफत द्यावे असा कायदा आहे. श्रीमंताचे मूल आणि गरिबाचे मूल एकच जेवण जेवते. घरी आईबापांना रांधायला सवड नसली, तरी मुलाच्या जिभेला बटाटा, मासळी, कडक पोळी यांची ओळख राहते. आपल्या शाळांतून मध्यान्ह भोजन शिजते, तेव्हा आपणही नुसती पोटे भरत नाही, चवही शिकवत असतो, हे विसरू नये.

एवढे सारे मी गुरुजींना सांगितले, तेवढ्यात त्यांची गाडी लागली. चढता-चढता ते म्हणाले, "म्हणजे गुरुवारी, दुपारी. बरोबर?"

महिन्याभराने त्यांचा फोन आला. मुलगा एका गुरुवारी कचेरीतल्या माणसांबरोबर रांगेत उभा राहिला. सूप मांसाचे असेल म्हणून त्याने विचारले, तर शेजारीच बिनमांसाचे वेगळे पातेले होते. मोहरी किती घ्यायची ते समोर बसलेल्या एका वयस्क बाईंनी दाखवले. गुरुजी सांगत होते, "पोरगं म्हणालं, बाबा, चार महिन्यांत कामाखेरीज कुणी मला काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी त्या बाईंनी विचारलं, तुमच्या घरी वाटाण्याचं काय करतात?"

"मग काय सांगितलं त्यानं?" मी विचारले.

"उसळ," गुरुजी म्हणाले. "अन् आता त्यांना करून घालायचीय म्हणे. त्याच्या आईकडून मसाला मागवलाय."